शेजारच्या कॉलमचा माणूस

इनास, तुझ्या मृत्यूची बातमी पहिल्या पानावर आहे. ती मीच लिहिली. जन्म कुठला, शाळेत किती वर्षं शिकवलंस, चर्चचा गायकवृंद कधीपासून सांभाळलास, मागे कोण कोण आहेत, हे सगळं तपासून घेतलं. तुझ्या नावाआधी एकही विशेषण लावलेलं नाही. लावलं असतं तर तू खोडलं असतंस. त्या बातमीत जे बसलं नाही ते इथं लिहितो आहे, आणि ते तुलाच सांगावं लागतंय, कारण आज संध्याकाळपर्यंत एक निर्णय घ्यायचा आहे आणि त्यात आतापर्यंत नेहमी आपण दोघे असायचो.

काल तुला दफन केलं. वटारहून, राजोडीहून, माझ्या बाजूच्या, विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातूनही माणसं आली होती. तुझा गायकवृंद उभा राहिला. दुसऱ्या कडव्याला टेनरची, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी मुलं रडू लागली आणि त्यांची ओळ तुटली. तेव्हा मागच्या रांगेतल्या खर्जवाल्यांपैकी दोघांनी आपली ओळ सोडली आणि त्यांची उचलली. गाणं थांबलं नाही. फारशा कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

मग सगळे तुझ्या वाडीत आले. भाड्याच्या खुर्च्या होत्या, काळा चहा होता. तुझा शेजारी माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आता तरी लिहा सर, त्याचंच बरोबर होतं म्हणून. गेलेल्या माणसाशी कसला वाद?" त्याच्या सुरात राग नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ही तुला वाहायची शेवटची वस्तू आहे आणि ती फक्त माझ्याकडे आहे.

थोड्या वेळाने आबा आले. साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि वेळ पडली तर पान चिकटवणारेही आबाच, हे वाचकांना ठाऊक आहे. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या अंकापासून एकच कॉलम कर. तुझाच. मधली रेघ आता कुणासाठी ठेवायची?"

दोघांचंही म्हणणं एकच होतं. दोन आवाजांचा एक करायचा. एकाला तुझा हवा होता, एकाला माझा. आणि आबांना मी ओळखतो. तुझ्या जागी एकदा जाहिरात बसली की तिथं मजकूर परत येत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्याकडच्या विहिरी उपसणारे टँकर पुन्हा सुरू आहेत, पुन्हा तुमच्या गावात बैठका होत आहेत, आणि नेमक्या याच अंकात तुझी बाजू मांडणारा कुणी नसला तर ती कायमची गेली असं समजायचं. निर्णय एवढाच आहे. तो सोपा नाही, कारण तुझी बाजू मला आजही पटलेली नाही.

आपला पहिला वाद आठवतो? मुंबईच्या दैनिकातल्या रात्रपाळ्या सोडून मी नुकताच आबांकडे आलो होतो. तू सकाळी शाळेत शिकवायचास आणि दुपारी येऊन गावांच्या बातम्या द्यायचास. रस्ता रुंद करण्यासाठी तुमच्याकडचं एक बावखल बुजवायचं ठरलं होतं. मी बातमीत लिहिलं, गावाकडेचं डबकं. तू पान हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आलास.

"डबकं तुमच्या साताऱ्यात असेल, मुकुंदा. हे बावखल आहे. पाऊस ह्याच्यात मुरतो आणि माझ्या विहिरीत उगवतो."

मी म्हटलं, रस्ता तरी हवा ना? रुग्णवाहिका आत येत नाही. तू म्हणालास, रुग्णवाहिका येईल, पण आलेली बघायला गावात कोण उरेल? दुपारभर ते चाललं. आबांना कुणाची बाजू घ्यावी कळेना. शेवटी वैतागून ते म्हणाले, दोघंही लिहा, मी शेजारी शेजारी छापतो आणि मध्ये रेघ मारतो, म्हणजे मारामारी नको. लोकांना ते आवडलं, निदान आपल्याला तसं वाटलं. मग दर आठवड्याला एक विषय आणि दोन कॉलम असं ठरूनच गेलं.

नियम तुझा होता. छापून येईपर्यंत एकमेकांचं वाचायचं नाही. मी कारण विचारलं. तू म्हणालास, "वाचलंस तर मला उत्तर देत बसशील. मला तुझं उत्तर नको, मत हवं." दैनिकात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. तिथं आम्ही उत्तरं देण्यातच हुशार होतो.

ज्यावरून आपण पुढे जन्मभर भांडलो ते चिनी वचन मला तुझ्याच घरी पहिल्यांदा भेटलं. तुझे फादर काका हाँगकाँगच्या बाजूला अनेक वर्षं राहून म्हातारपणी गावी परतले होते. एका रविवारी तू मला जेवायला बोलावलंस. मार्था वहिनींनी माशाचं कालवण केलं होतं. जेवता जेवता आपण कशावरून तरी भांडू लागलो आणि काका हसून म्हणाले की, तिकडे एक फार जुनं वचन आहे. ते मी इथं उद्धृत करत नाही. काकांनी सांगितलेले शब्द माझ्याकडे नाहीत, आणि तू ते दर वेळी नव्या शब्दांत सांगायचास. मी त्याबद्दल टोकलं की म्हणायचास, चिनी मलाही येत नाही. आशय असा की शहाण्या माणसांचं एकमेकांशी जमतं, पण त्यासाठी ती एकसारखी होत नाहीत.

काकांनी समजावून सांगायला वर्षाच्या मसाल्याचं उदाहरण दिलं. इतक्या जिनसा, प्रत्येकीची चव वेगळी, पण मसाला एक. वहिनी वाढता वाढता थांबल्या.

"फादर, तुम्ही मसाला कधी कुटलाय? कुटल्यावर धणे, धणे राहतात का?"

तू जोरात हसलास आणि म्हणालास, मसाला नको, गाणं घ्या. चार आवाज, चार वेगळ्या ओळी. एकजणही दुसऱ्याची ओळ गात नाही, तरी गाणं एक. कुटावं कुणालाच लागत नाही. त्या संध्याकाळी मुद्दाम मला चर्चमध्ये सरावाला घेऊन गेलास. खर्जवाल्यांना एका कोपऱ्यात बसवलं होतंस. त्यांची ओळ एकटी ऐकली तर ते गाणं आहे असं वाटतच नव्हतं. त्यांतला एक म्हातारा मला म्हणाला, आमच्या वाट्याला मास्तरने नुसते खांब दिलेत, नक्षी सगळी बायकांकडे. मग तू सगळ्यांना एकत्र उभं केलंस. मी भजनं ऐकत वाढलेला. आमच्याकडे सगळे एकच चाल गातात आणि तीही मला आवडते. पण त्या संध्याकाळी जे ऐकलं तसं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी तसं तुला सांगितलं नाही. सांगितलं ते असं:

"सूर वेगळे ठेवायला कुणाचं काही जात नाही, इनास. पाण्याचं तसं नाही. एकाने घेतलं की दुसऱ्याला उरत नाही. तुझं वचन गाण्यापुरतं ठीक आहे."

तू पेटीचं झाकण लावत म्हणालास, "सगळ्यांना पुरेल इतकं असतं तर वचन कशाला लागलं असतं?"

यावर आपण पुढे किती वेळा भांडलो त्याचा हिशेब नाही. माझं म्हणणं असं की हे वचन ज्याच्या घरी विहीर आहे त्याला परवडतं. मतभेद राहू दे, आपलं जमेल, असं म्हणणं त्याला सोपं असतं. तुझं म्हणणं असं की विहीरवाल्यालाच ते सगळ्यांत अवघड जातं, कारण गमवायला त्याच्याकडे काहीतरी असतं. दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं चुकीचं सिद्ध करता आलं नाही.

मग पाण्याचाच प्रश्न आला. विरार पूर्वेला इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत मी घर घेतलं होतं. नळ होते, त्यांतून हवा यायची. पाणी टँकरने यायचं आणि ते तुमच्या पश्चिमेच्या पट्ट्यातल्या विहिरींतून उपसलेलं असायचं. तुमच्यातल्याच काहींनी ते विकायला सुरुवात केली होती. तू विकलं नाहीस. पण जमिनीखाली तुझी विहीर शेजाऱ्याच्या विहिरीपासून वेगळी नव्हती. उपसा वाढला, समुद्र आत सरकला, आणि एका वर्षी तुझ्या केळीच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. तू मला वाडीत नेऊन पान दाखवलंस. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन म्हणालास, चाख. मी चाखलं. फार नाही, पण खारट होतं.

गावाने टँकर अडवायचं ठरवलं. बायका रस्त्यावर चटया टाकून बसल्या, मार्था वहिनी पुढे होत्या. माझ्या इमारतीत जिन्यावर रिकामे हंडे उभे राहिले. त्या आठवड्याचा विषय ठरवण्याचा प्रश्नच नव्हता.

मी लिहिलं की जमिनीखालचं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं. पूर्वेला राहायला आलेल्या माणसाने घर घेतलं, तहान लागण्याचा गुन्हा केला नाही. तू लिहिलंस की तहान खरी आहे, पण तिचं उत्तर नळ आहे, माझी विहीर नाही. नळ मागायचा सोडून तुम्ही टँकर मागता, म्हणून नळ येत नाही. आणि खारट झालेली विहीर कितीही पैसे ओतले तरी पुन्हा गोड होत नाही.

नियमाप्रमाणे आपण एकमेकांचं वाचलं नव्हतं. पान लावणारा रजेवर होता. त्या काळी मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवायचे आणि नावांच्या पट्ट्या वेगळ्या असायच्या. आबांनी दोन्ही कॉलम चिकटवले, वर नावं लावली आणि पान छपाईला पाठवलं. तुझा मजकूर माझ्या नावाखाली गेला, माझा तुझ्या. ओळखू शकणारी माणसं दोनच होती आणि आपल्याच नियमाने दोघांनाही पान बघायला बंदी होती.

अंक बाहेर पडला त्या सकाळी माझ्या इमारतीच्या सेक्रेटरीने मला जिन्यात अडवून विचारलं, तुम्ही आमच्यातले की त्यांच्यातले? मला काय झालंय तेच कळेना. ऑफिसात पोचलो तर तू आधीच खुर्चीत बसला होतास. अंक पुढ्यात होता.

"मुकुंदा, आज काय सुरेख लिहिलंयस. असंच लिहीत जा."

आबांचा चेहरा पडला होता आणि तू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतास. गावात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. इनास मास्तर फिरला, बिल्डरला विकला गेला, असं रस्त्यावर बसलेल्या बायकांपर्यंत पोचलं. कुणीतरी अंक वहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो तिथंच चटईवर बसून वाचला आणि परत केला.

"हे ह्यांचं नाही. ह्यांना इतकं थोडक्यात लिहिता येत नाही."

तरीही टेनरची मुलं त्या संध्याकाळी सरावाला आली नाहीत.

मला ताबडतोब खुलासा छापायचा होता. स्वतंत्र पत्रक काढून, उद्याच. तू म्हणालास, एक आठवडा राहू दे, काय होतं ते बघू. मी म्हटलं, चूक ती चूक, ती दुरुस्त करायला मुहूर्त लागत नाही. आबांनी पत्रकाचा खर्च ऐकून तुझी बाजू घेतली. खुलासा पुढच्या अंकात आला, पानाच्या अगदी वर, माझ्या आग्रहाने ठळक. पण त्या मधल्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं होतं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, माहेर गुहागरकडचं, हंडा घेऊन माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, तुमचं वाचलं. आमच्या माहेरची विहीर अशीच गेली. मला कुणी सांगितलंच नव्हतं की हे पाणी तसल्या विहिरीचं आहे. मी म्हटलं, काकू, ते माझं नाही, इनासचं आहे, आणि तो हे गेली कित्येक वर्षं लिहितोय. त्यांनी सरळ सांगितलं की त्या बाजूचं आपण कधी वाचत नाही. "तो त्यांचा माणूस ना. आम्ही तुमचंच वाचतो."

हे मी तुला सांगितलं, गंमत म्हणून. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी गावात आठदहा घरी विचारून आलास. तिथंही तेच. माझ्या नावाचा कॉलम तुमच्या गावात कुणी वाचत नव्हतं. तुझ्या नावाखाली आला म्हणून त्या एका आठवड्यात वाचला गेला. शिव्या देत का होईना, पण शेवटपर्यंत. राजोडीच्या एका मासेवाल्या बाईने तुला विचारलं होतं की, त्या बिल्डिंगीतल्या बायका खरंच तीन मजले पानी चढवतात काय? तिला ते आधी माहीत नव्हतं.

तू अंक उघडून मधल्या रेघेवर बोट ठेवलंस. मग म्हणालास, "म्हणजे आपण दोन पेपर काढत होतो. रेघेच्या अलीकडे एक, पलीकडे एक."

तुला इतकं खचलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या वचनाचा अर्थ आपल्याला कळला आहे असं तू धरून चालला होतास आणि आपलं पान म्हणजे त्याचा पुरावा. शेजारी शेजारी उभं राहणं म्हणजे जमणं नव्हे, हे तुला एका चुकीने शिकवलं. मला त्यात नवल वाटलं नाही. वाचक असेच असतात, हे मी दैनिकात पाहिलं होतं. तुला मात्र तेच सहन होईना.

आठवड्याभराने तू नवीन कल्पना घेऊन आलास. "पुढच्या वेळी तू माझी बाजू लिही, मी तुझी लिहितो. नावं आपापलीच. उघड सांगून."

मी नाही म्हटलं. जे मला पटत नाही ते माझ्या नावाने छापायचं नाही, हे या धंद्यात मी पहिलं शिकलो. तू म्हणालास, पटवून घ्यायला कोण सांगतंय? मग तुझ्या सरावातली एक पद्धत सांगितलीस. गाणं पूर्ण बसलं की एक दिवस तू खर्जवाल्यांना टेनरची ओळ गायला लावायचास आणि टेनरना खर्जाची. वाईट गायचे, हसायचे, पण गायचे. "आपली ओळ सोडण्यासाठी नाही, रे. समोर काय चाललंय ते कानात बसावं म्हणून. नाहीतर चौघं एकत्र उभे राहतात आणि प्रत्येकजण एकटाच गातो."

मी म्हटलं, गाण्यात चूक झाली तर सूर जातो. छापण्यात चूक झाली तर माणसं जातात. तू म्हणालास, काकांचं वचन तुला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, तुलाही नाही. त्या दिवसापासून ही एक जास्तीची तक्रार आपल्यात राहिली. कुठल्याही वादाच्या शेवटी तू विचारायचास, लिहितोस का मग माझी बाजू? आणि मी नाही म्हणायचो. पुढे पुढे तो वाद राहिला नव्हता. निरोप घेताना लोक येतो म्हणतात, तसं झालं होतं.

तुझा आजार लांबला. मी यायचो तेव्हा तुला बोलवत नसे. मागच्या महिन्यात एका दुपारी डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि विचारलंस, "लिहिलंस?"

मी म्हटलं, नाही.

तू म्हणालास, "बरं." आणि पुन्हा डोळे मिटलेस. ते आपलं शेवटचं बोलणं ठरलं. त्या नाहीबद्दल मला आज वाईट वाटायला हवं, असं कुणी म्हणेल. तसं वाटत नाही. तू हो ऐकायला विचारलं नव्हतंस. मी तोच आहे ना, एवढं तू बघत होतास. तेवढं तुला मिळालं.

वाईट वाटतंय ते वेगळंच. काल माणसं पांगल्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. बाहेर पिंपं ओळीने उभी होती. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "टँकरचं आहे, भाऊजी. दोन महिने झाले. विहिरीचं पानी आंघोळीलाही नको झालं. ह्यांना सांगितलं नाही. मी ह्यांचं अंग पुसायचे तेही त्याच पाण्याने, प्यायला द्यायचे तेही तेच."

मी विचारलं, त्याला कळलं नव्हतं? त्या म्हणाल्या, एकदा पेला तोंडाला लावून थांबले होते. मग प्याले. काही बोलले नाहीत.

हे छापू का, असंही मी विचारलं. आयुष्यभराची सवय. वहिनी म्हणाल्या, "छापा. आता कुणापासून लपवू?"

म्हणजे तुझ्या गल्लीतही आता टँकर येतो. तुझा शेजारी म्हणेल, बघा, विहिरी गेल्या, इनास खरं सांगत होता. आबा म्हणतील, बघा, तहान लागली की तेही टँकरच मागवतात, मुकुंद खरं सांगत होता. दोघंही बरोबर आहेत आणि त्यातून एक कॉलम होत नाही. मी रात्री अंथरुणावर पडून तो पेला डोळ्यांसमोर आणत राहिलो. तू थांबलास ते चव कळली म्हणून, की गिळताना त्रास होत होता म्हणून, हे वहिनींनाही सांगता आलं नाही. ज्या माणसाने मला ओंजळीतून आपल्या विहिरीचं पाणी चाखायला लावलं, त्याला आपल्या घरातल्या पाण्याची चव कळली नसेल? आणि कळूनही तू गप्प राहिला असशील, तर ते कुणासाठी?

आज सकाळी ऑफिसात आलो आणि तुझी बाजू लिहायला बसलो. आबांना सांगितलं की दोन्ही कॉलम राहतील, रेघही राहील. माझं माझ्या नावाने आणि त्याचंही माझ्याच नावाने, वर उघड लिहून की हे इनासचं म्हणणं आहे, मी मांडलेलं, मला न पटलेलं. आबा म्हणाले, तू तर कधी असं करायचा नाहीस. मी म्हटलं, तो असताना गरज नव्हती. त्यांनी पुढच्या अंकाचं विचारलं. पुढच्या अंकाचं मला माहीत नाही. या अंकाचं तेवढं ठरलं आहे.

लिहायला वेळ लागला नाही, हेच मला झेपलं नाही. काही शोधावं लागलं नाही. तुझं नेहमीचं "आता बघ" आलं, तुझी लांबच लांब वाक्यं आली, नळाचा मुद्दा आला, केळीची जळकी पानं आली. मी जन्मभर ज्याला विरोध केला ते सगळं माझ्याकडे जसंच्या तसं होतं, एक शब्दही न पटता. तू याचसाठी मागे लागला होतास का, ते आता विचारता येत नाही. पण त्या चिनी वचनाचा अर्थ असलाच तर असा काहीतरी असावा, असं आज सकाळी पहिल्यांदा वाटलं. तेही मी इथंच लिहून टाकतो, कारण तू असतास तर मी ते कबूल केलं नसतं.

एका जागी मात्र अडलो. तुझ्याच दारात टँकर आल्यावर तू काय लिहिलं असतंस? दोन वाक्यं लिहिली, खोडली. दुसरी लिहिली. ती ठेवली आहेत. ती तुझी वाटतात. पण तिथं मला आधार नाही. वहिनींना फोनवर वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, असेल, भाऊजी, असंच म्हणाले असते. त्यांनी माझ्यासाठी तसं म्हटलं, हे मला कळलं.

तुझं म्हणणं बरोबर होतं की चूक, यावर गाव आणि इमारती भांडत राहतील, मीही भांडेन. तुझं म्हणणं मी बरोबर लिहिलं की नाही, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. अंक आज संध्याकाळी छपाईला जातोय, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुझा कॉलम आधी वाचला आहे.